बहिरा निरोप्या

दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर ढब्बू बसला तो बसलाच. सकाळचं फिरणं उरकून दोघं वर निघाले होते. फिरणं कसलं म्हणा, फाटकापर्यंत जायचं, एका खांबाचा वास घ्यायचा आणि परतायचं. अजून नऊ पायऱ्या बाकी होत्या. मागच्या पायाची एक पायरी चुकली, मग पुढचे दोन्ही पाय पसरले आणि बत्तीस किलोंचा तो तपकिरी देह भिजलेलं घोंगडं टाकावं तसा फरशीवर पडला. लिफ्टवाल्याने पट्टा हलकेच ओढला. "चल रे बाबा, घर आलंय." ढब्बूने मानही वर केली नाही. तोंड उघडं, जीभ रोजच्यापेक्षा फिकट, पोट भरभर वरखाली होतंय. "ऊठ, नाटकं नकोत," लिफ्टवाला म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. नाटकं करायला कुत्र्याला काय पडलंय? त्याचे स्वतःचे गुडघेही कुरकुरत होतेच. तो खालच्या पायरीवर टेकला, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि ढब्बूच्या बरगड्यांवर हात ठेवून उगाच बसून राहिला.

लोक त्याला लिफ्टवाला म्हणत. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, आणि राहायला कुठे, तर बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार तो असा. तरुणपणी हा त्याचा ठेवणीतला विनोद होता, पाहुणे धापा टाकत आले की तो स्वतःच सांगायचा. साठीला टेकल्यावर तो विनोद गुडघ्यांत उतरला. त्यात दीड वर्षापूर्वी ढब्बूचं सुरू झालं. आधी मागचे पाय. सकाळी उठताना बिचारा अंग जोडून जोडून उठायचा, चार पावलं लंगडायचा, मग वंगण मिळाल्यागत जरा चालू लागायचा. संधिवात, डॉक्टरबाई म्हणाल्या. नखं वेळेवर कापा, गुळगुळीत फरशीवर चटया टाका, वजन उतरवा, आणि सकाळच्या खाण्याबरोबर दुखण्याची गोळी, एकच, दोन कधीही नाहीत. चटया आल्या, घर चटयांचं दुकान झालं. मग खोकला लागला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. तपासलं तर हृदय मोठं झालेलं, एक झडप नीट मिटत नाही. मग हृदयाची गोळी दोन वेळा, फुप्फुसांतलं पाणी उतरवायची गोळी दोन वेळा, आणि झोपेतले श्वास मोजायचे. मिनिटाला तिसाच्या आत हवेत, वर गेले की फोन करा. सांध्यांसाठी चालवा, हृदयासाठी दमवू नका. पाण्याची गोळी दिली की तासाभरात खाली न्यावंच लागतं, खाली न्यायचं तर जिना, आणि जिना सांध्यांना वाईट. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. लिफ्टवाला कंटाळला होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण कंटाळला होता. दुपारी ढब्बू झोपला की तो घड्याळ घेऊन चटईवर बसायचा, आणि मोजता मोजता पंचविसाच्या आसपास त्याच्या मनात यायचं, पुरे आता, तूही थांब, मीही थांबतो. मग लाज वाटायची, आकडा चुकायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

पण हा गेला तर घरात बोलायचं कुणी कुणाशी? हा प्रश्न त्याच्या मनाच्या कोपऱ्यात कधीचा बसून होता, आणि आज या पायरीवर तो उठून समोर आला. लिफ्टवाला आणि त्याची बायको सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, पण ढब्बूमार्फत. "ढब्बू, साहेबांना म्हणावं, चहा ओतलाय." "ढब्बू, आईला सांग, उद्या मला लवकर निघायचंय." "ढब्बू, साहेबांना विचार, पंखा आत्ता बघणार की डोक्यात पडल्यावर?" भांडणंसुद्धा त्याच्यामार्फतच व्हायची. दोघं दोन टोकांना, मधे ढब्बू, बोलणाऱ्याकडे मान वळवून ऐकणारा, आणि मग दुसऱ्याकडे अशा नजरेने बघणारा, की आता बोला. लेकीने त्याला शाळेत असताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणला, ती शिकायला दूर गेली आणि तिकडचीच झाली. फोनवर तीही पहिल्यांदा विचारते, "ढब्बू कसाय?" तिच्या लेखी हा घरातला विनोद होता. सुरुवातीला कदाचित होताही. सवय लागली की विनोद कुठला आणि अबोला कुठला ते वेगळं काढता येत नाही. आणि गंमत म्हणजे गेल्या वर्षभरात ढब्बू ठार बहिरा झाला. शेजारी पातेलं पडलं तरी कान हलत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी निरोप चालूच. उलट दोघं हल्ली जरा मोठ्याने बोलायची, त्याला ऐकू जावं म्हणून.

आणि अबोल्याचं कारण? सुरुवात कुठून झाली ते लिफ्टवाल्याला पक्कं ठाऊक होतं, पण त्या दिवसाचं खरं बायकोला ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती. सासरे गेले तो दिवस. बायकोचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, तीन मजले एकटीने उतरणं शक्यच नव्हतं. तो एका नऊमजली इमारतीत नवे दोर बसवत होता, फोन नेहमीप्रमाणे खाली, कामावरच्या जोडीदाराकडे ठेवलेला. दुपारी दोन वाजता जोडीदाराने खालून ओरडून सांगितलं, "वहिनींचा फोन होता! सासरे अगदी शेवटच्या घटका मोजतायत, लगेच ये म्हणतायत!" तो वरून म्हणाला, आलोच, एवढी चाचणी उरकतो. चाचणी तासाभराची होती. त्याने तीन तास लावले. दोर पुन्हा ताणून पाहिले, तेल दिलेल्या जागी पुन्हा तेल दिलं. खरं सांगायचं तर त्याला मरणाऱ्या माणसाच्या खोलीत जायचं नव्हतं. तो वास, ते कुजबुजणं, हात कुठे ठेवायचे ते न समजणं, त्याला ते झेपायचं नाही. साडेपाचला घरी पोचला तेव्हा बायको कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. "निरोप आत्ताच मिळाला गं," तो म्हणाला. तिला उचलून त्याने तीन मजले खाली नेलं, धापा टाकत, जणू त्या धापांनी सगळं फिटणार होतं. पोचले तेव्हा म्हातारा गेलेला होता. दुपारभर लेकीचं नाव घेत होता, कुणीतरी म्हणालं. त्यानंतर महिनाभराने एका सकाळी बायको त्याच्याकडे न बघता ढब्बूला म्हणाली, "ढब्बू, साहेबांना म्हणावं, डबा भरलाय." ती पहिली वेळ. दुःख आहे, ओसरेल, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्यानेही ढब्बूलाच सांगितलं, "आईला म्हणावं, बरं."

ढब्बूच्या पोटात कळ आल्यासारखं झालं, मान ताठ झाली आणि त्याने पायरीवर ओकारी काढली. कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट. लिफ्टवाल्याने ढब्बूला तसाच कवेत घेतला, कसा घेतला देव जाणे, आणि उरलेल्या नऊ पायऱ्या चढून दाराला लाथच मारली. आत शिलाई मशीन चालू होतं. बायको घरी पडदे शिवून द्यायची. ते मशीन सुरू झालं की बाहेर नगारा वाजला तरी तिला ऐकू जात नसे. दुसऱ्या लाथेला मशीन थांबलं, दार उघडलं. तिने ढब्बूकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या सदऱ्यावरच्या काळ्या डागाकडे. "अगं बाई," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन झोळी घेऊन आली. पडद्याच्या जाड कापडाची ती झोळी तिने मागच्याच महिन्यात शिवली होती, दोन्ही टोकांना मुठी, पोटाखाली दुहेरी अस्तर. जिन्यात मागचे पाय तोलून धरायला म्हणून शिवलेली, आज अख्खा ढब्बूच तिच्यात मावला. ती पुढे, तो मागे, अशी दोघं उतरू लागली. पहिल्या वळणावर झोळी कठड्याला घासली. "ढब्बू," ती खाली बघत, धापा टाकत म्हणाली, "साहेबांना म्हणावं, जरा डावीकडे घ्या." "ढब्बू, आईला सांग, सावकाश, तिथली पायरी फुटकी आहे." झोळीत ढब्बूचे डोळे अर्धे मिटलेले होते. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार किलकिलं करून बघत होतं. आपण काय करतोय हे, लिफ्टवाल्याला वाटलं, जीव जातोय त्याचा आणि आपण त्यालाच निरोप सांगायला लावतोय. पण तोंडातून दुसरं काही निघेना. सात वर्षांत गंजलेलं कुलूप होतं ते, घाईच्या वेळी थोडंच उघडणार?

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण हात म्हाताऱ्या माणसाचे असावेत तसे सावकाश. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, रक्त काढून आत पाठवलं. मग म्हणाल्या, "हे हृदयाचं नाही. निदान आधी हृदयाचं नाही. पोटात आतून रक्त येतंय, आणि अंगातलं पाणी फार कमी झालंय. औषधं कशी चालली आहेत? पाण्याची गोळी?" पाण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ बायकोच द्यायची, केळ्यात लपवून. ती तिने सांगितली, हृदयाचीही सांगितली. डॉक्टरबाई मान डोलावत होत्या. "आणि सकाळची दुखण्याची गोळी कोण देतं?"

"मी," लिफ्टवाला म्हणाला.

"मी," बायको म्हणाली.

दोन्ही शब्द एकाच क्षणी आले. डॉक्टरबाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "दोघंही? किती दिवस?" तेव्हा लिफ्टवाल्याच्या डोळ्यांसमोर मागचा गुरुवार उभा राहिला. डॉक्टरबाईंकडे तो एकटाच आला होता. दुखण्याची गोळी बदलून त्यांनी नवी दिली, जुनी बंद करा, ही फिरून आल्यावर खाण्याबरोबर द्या, म्हणाल्या. घरी आल्यावर तो दारात उभा राहून ठणठणीत आवाजात म्हणाला होता, "ढब्बू, आईला सांग, जुनी पाकिटातली गोळी बंद, सकाळची नवी गोळी आता मी देणार." आतून उत्तर आलं नाही. उत्तर कधीच येत नसे. ढब्बूला सांगितलं की निरोप पोचला, हाच घरचा रिवाज. आणि आत मशीन चालू होतं. तेव्हापासून रोज फिरायला जाण्याआधी ती जुनी गोळी केळ्यात देत होती, आणि परत आल्यावर तो नवी गोळी पावाच्या तुकड्यात देत होता. पाच दिवस. जुनं पाकीट स्वयंपाकघरातल्या डब्यात, नवं त्याच्या सदऱ्याच्या खिशात. आणि ढब्बू, खायला मिळतंय म्हटल्यावर, दोन्ही आनंदाने खात होता.

"आता इकडे आड आणि तिकडे विहीर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. "दोन गोळ्यांचा मार मूत्रपिंडांवरही बसलाय; ती वाचवायची तर सलाइन द्यायला हवं, आणि जास्त पाणी त्याच्या हृदयाला पेलणार नाही. थेंब थेंब देते. संध्याकाळपर्यंत कळेल. तुम्ही बाहेर बसा." आतल्या दारातून झोळी गेली. दार लागलं.

बाहेर एक लांबट बाक होतं. बायको एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला, मधे रिकामी जागा राहिली, ढब्बू मावेल एवढी. समोर भिंतीवर मांजराच्या दातांचं चित्र. लिफ्टवाल्याने ते नीट पाहिलं, सगळे दात पाहिले. एकतीस वर्षं, तो मनात म्हणत होता, एकतीस वर्षं माझ्या हातून कुणाला खरचटलंही नाही. का? तर नियम. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, वरचा माणूस खालच्याला दिसत नाही. म्हणून वीज सोडण्याआधी वरच्याने ओरडायचं, "सोडतोय!" आणि खालून "सोड!" असं आल्याशिवाय खटक्याला बोट लावायचं नाही. पाच मिनिटं लागोत, अर्धा तास लागो. खालचा बिडी प्यायला गेला असेल तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर आलं नाही म्हणजे होकार नव्हे, हे त्याने किती नव्या पोरांना कानाला धरून शिकवलं होतं. आणि घरी? घरी सात वर्षं तो शाफ्टमध्ये ओरडत होता, खालून काही आलं नाही तरी खटका दाबत होता. मरणाऱ्याच्या खोलीत जायचं नाही म्हणून आपण तेव्हा तीन तास दोरांना तेल देत बसलो. आणि आज पुन्हा एक जीव दाराआड, आणि पुन्हा आपण मांजराचे दात मोजतोय. तो खोकला. तोंड उघडलं आणि सवयीने "ढब्बू" म्हणणार, तर ढब्बू नव्हता.

"त्या दिवशी," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी, मला निरोप दोन वाजताच मिळाला होता."

बायकोने पदराच्या टोकाला घातलेली गाठ सोडली, पुन्हा घातली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"महिन्याभरात कळलं. तुमचा जोडीदार भेटायला आला होता. बिचाऱ्याला काय माहीत. 'वहिनी, मी लगेच सांगितलं होतं त्याला, दोनच्या ठोक्याला,' म्हणाला. मी चहा केला त्याला."

"मग मला का नाही बोललीस?"

"मी काय बोलायचं? चूक तुमची, खोटं तुमचं, आणि विचारायचंही मीच? म्हटलं, स्वतः सांगतील तेव्हा सांगतील. तोवर माझ्याने तुमच्याकडे बघून बोलवेना." तिने गाठ घट्ट केली. "मला वाटलं होतं आठ दिवस लागतील. फार तर पंधरा."

तिचा आवाज त्याला अनोळखी वाटला. तो जरा खालच्या पट्टीतला झाला होता, वय झालं होतं त्याला. सात वर्षं तो कुत्र्याकडे वळवलेल्या तोंडातून आल्यामुळे त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. इतके साधे शब्द. ती "बरं" म्हणाली नाही, "जाऊ दे"ही नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच, आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. मग म्हणाली, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही." त्याने मान वळवून बघितलं. ती त्याच्याशी बोलत होती. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

ढब्बू त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी त्याला झोळीत घालून दिला. मूत्रपिंडं थोडी दुखावलीत, म्हणाल्या, दुखण्याच्या त्या गोळ्या आता बंद; दुसरी देते, सौम्य आहे, तेवढी लागू पडणार नाही. किती दिवस? त्यांनी खांदे किंचित उचलले. काही महिने, कदाचित कमी, आणि जिना त्याला आता चढवू नका, उचलूनच न्या. तेव्हा उचलून आणला. फुटक्या पायरीपाशी ती म्हणाली, "डावीकडे घ्या." लिफ्टवाल्याने डावीकडे घेतलं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोघांच्याही छातीचा भाता झाला होता, आणि झोळीतला म्हातारा मात्र आरामात पडून छताकडे बघत होता, नवाबासारखा. "बघा थाट," ती म्हणाली. दोघंही हसली नाहीत, दमलेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आतल्या खोलीत पडदे शिवायला बसली. लिफ्टवाल्याने पावाचा तुकडा घेतला, त्यात डॉक्टरबाईंनी दिलेली ती सौम्य गोळी खुपसली आणि चटईवर ढब्बूशेजारी कुरकुरते गुडघे दुमडून बसला. ढब्बूचं नाक हललं. त्याला वास पुरेसा होता. मशीन धडधडत होतं. लिफ्टवाल्याने हात पुढे नेला आणि मधेच थांबवला. ढब्बूने पावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, की काय हे?

"देतोय गं!" लिफ्टवाला ओरडला.

मशीन चालूच होतं. त्याने वाट पाहिली. गुडघा दुखू लागला, पाव बोटांत ओलसर झाला, ढब्बूची लाळ चटईवर पडली. अर्धा तास लागला तरी चालेल, त्याने मनाशी म्हटलं, आणि पुन्हा ओरडला, या वेळी शाफ्टमध्ये ओरडायचा तसा, पोटातून, "देतोय!"

मशीन थांबलं. आता ढब्बूच्या श्वासाची घरघर ऐकू येऊ लागली.

"द्या!" आतून आलं.

त्याने पाव पुढे केला.